धबधब्यावरचं खत

युरियाचा आणि विजेचा पहिला संबंध आला तो १८८० च्या सुमारास, आणि त्यात शेतीचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. लाइपझिगमध्ये कार्ल लुडविग यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या संस्थेत एडमुंड ड्रेक्सेल नावाचा रसायनज्ञ काम करत होता. त्याला पडलेला प्रश्न असा, की प्राण्याच्या शरीरात युरिया तयार होतो कसा? तिथे ना भट्टी, ना दाब. व्होलरने १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. बासारोव या रशियन रसायनज्ञानं अमोनियम कार्बामेट नावाचा क्षार बंद काचनळीत तापवून युरिया मिळवला, त्यालाही दशक उलटलं होतं. पण यकृत काही दीडशे अंशांपर्यंत तापत नाही. ड्रेक्सेलचा अंदाज होता, की कार्बामेटमधून पाण्याचा एक रेणू कुठल्या तरी मार्गानं निघून जातो आणि युरिया उरतो. हे थंड द्रावणात घडू शकतं हे दाखवायला त्यानं कार्बामेटच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवले आणि विजेच्या प्रवाहाची दिशा सारखी उलटसुलट करत राहिला. द्रावणात युरिया सापडला. अगदी थोडा, पण सापडला. सोबत थोडं प्लॅटिनमही विरघळून आलं, म्हणजे प्रयोग तसा महागातच पडला.

साध्या तापमानात, पाण्यात, विजेच्या जोरावर युरिया. आज ‘हरित युरिया’ म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा ज्याच्या मागे लागल्या आहेत, त्याचं बीज हे असं एका शरीरशास्त्राच्या वादात पडलेलं आहे. मधल्या काळात विजेवर खत बनवायचा उद्योग एकदा उभा राहिला, भरभराटीला आला आणि बसला. तो का बसला हे समजून घेतल्याशिवाय आजच्या बातम्यांचं मोल करता येत नाही, असं माझं मत आहे.

गोष्टीचा दुसरा अंक सुरू होतो ब्रिस्टलमध्ये, सप्टेंबर १८९८ मध्ये. ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून सर विल्यम क्रुक्स यांनी भाषण केलं ते गव्हावर. गहू खाणारी माणसं वाढताहेत, नवी जमीन संपत आली आहे, आणि पीक वाढवायला लागणारं नत्र येतं ते चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या सोऱ्याच्या खाणींतून. त्या खाणी काही अक्षय नाहीत. मग उपाय काय? क्रुक्स म्हणाले, डोक्यावरच्या हवेत नत्राचा समुद्र आहे, तो बांधा. त्यांनी स्वतः १८९२ साली विजेच्या ठिणगीनं हवा ‘जळताना’ लोकांना दाखवली होती. कॅव्हेंडिशनं त्याच्याही शंभर वर्षं आधी ठिणगीतून सोरा बनवला होता. क्रुक्स यांनी नायगाऱ्याच्या विजेचा दर घेऊन हिशोब मांडला आणि हे परवडेल असं सांगितलं.

नायगाऱ्याला ते करून पाहिलं गेलं. ब्रॅडली आणि लव्हजॉय या दोघांनी १९०२ मध्ये तिथे कारखाना काढला. फिरत्या पिंपात हजारो बारीक ठिणग्या सतत पडत राहतील असं यंत्र त्यांनी बनवलं होतं. यंत्र चाललं, नायट्रिक आम्लही निघालं. पण इतक्या गुंतागुंतीच्या यंत्राची देखभाल आणि विजेचं बिल यांच्यामुळे कारखाना १९०४ पर्यंत गुंडाळावा लागला.

त्याच सुमारास क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोमध्ये, क्रिस्टियान बिर्केलांड हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक पैशाच्या विवंचनेत होता. त्याचं खरं प्रेम उत्तर ध्रुवाजवळच्या आकाशात रात्री पसरणाऱ्या हिरव्या-लाल प्रकाशावर. निर्वात पेटीत चुंबकीय गोळा टांगून तो त्या ध्रुवीय प्रकाशाची नक्कल करायचा. मोहिमा काढायला पैसा लागतो, म्हणून त्यानं विद्युतचुंबकावर चालणारी तोफ बनवली आणि १९०३ च्या सुरुवातीला विद्यापीठाच्या सभागृहात, निमंत्रितांसमोर तिचं प्रात्यक्षिक ठेवलं. कळ दाबल्यावर तोफेत शॉर्टसर्किट झालं. कानठळ्या बसवणारा आवाज आणि डोळे दिपवणारी ज्योत. गोळा गेला नाही, तोफेच्या कंपनीचे शेअर मात्र खाली गेले.

काही दिवसांतच एका मेजवानीत त्याची गाठ साम आयडे या अभियंत्याशी पडली. आयडेनं नॉर्वेतल्या मोठमोठ्या धबधब्यांचे हक्क विकत घेऊन ठेवले होते आणि त्या विजेचं करायचं काय, या विचारात तो होता. त्याला हवी होती जमिनीवर वीज कोसळावी तशी प्रचंड ज्योत, हवेतलं नत्र जाळायला. ती ज्योत नुकतीच एका सभागृहाला घाबरवून गेली होती. आठवड्याच्या आत पेटंटचा अर्ज तयार झाला.

बिर्केलांडची भट्टी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. विटांचं अस्तर लावलेलं लोखंडी घर, आत उभी, गोल आणि अगदी अरुंद पोकळी. दोन्ही बाजूंनी आलेल्या तांब्याच्या पोकळ नळ्या हे इलेक्ट्रोड. ते वितळू नयेत म्हणून त्यांतून सतत पाणी खेळवलेलं. टोकांमध्ये फट जेमतेम काही मिलिमीटरची. पाच हजार व्होल्टचा उलटसुलट प्रवाह त्या फटीतून उडी मारतो, आणि भोवतालचं जोरदार चुंबकीय क्षेत्र ती ज्योत एकदा इकडे, एकदा तिकडे खेचतं. दर सेकंदाला हे इतक्या वेळा घडतं की डोळ्यांना दिसते ती भाकरी थापावी तशी चहूबाजूंनी पसरलेली आगीची एकच चकती, दोन मीटर व्यासाची. या चकतीतून हवा फुंकली की तीन हजार अंशांच्या उष्णतेत नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड बनतं. किती बनतं? हवेच्या फार तर दोन टक्के. ते तसंच गरम राहिलं तर पुन्हा मोडतं, म्हणून चटकन गार करायचं. मग ग्रॅनाइटचे उंच मनोरे, आत क्वार्ट्‌झचे तुकडे भरलेले. वरून पाणी झिरपतं, खालून वायू चढतो, तळाशी पातळ नायट्रिक आम्ल साचतं. ते चुनखडीवर ओतलं की कॅल्शियम नायट्रेट. ‘नॉर्वेचा सोरा’ म्हणून तो जगभर विकला गेला.

नोटोडेन गावी १९०५ मध्ये हे सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि डिसेंबरमध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. भांडवल स्वीडिश वालेनबर्ग घराण्याचं आणि फ्रेंच बँकेचं. राष्ट्र नवं, पाणी स्वतःचं, पैसा परक्याचा. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पुढे रियुकानच्या दरीत वेमोर्कचं वीजघर उभं राहिलं, १९११ मध्ये. १०८ मेगावॉट क्षमतेचं, त्या वेळचं जगातलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र, आणि ते कुठल्या शहराच्या दिव्यांसाठी नव्हतं तर खतासाठी होतं. दरी इतकी खोल की हिवाळ्यात अर्धं वर्ष गावात ऊन पोचत नाही. कामगारांना डोंगरावर चढून सूर्य बघता यावा म्हणून कंपनीनं १९२८ मध्ये रज्जुमार्ग बांधून दिला. नोटोडेन आणि रियुकान ही दोन्ही गावं २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आता पारड्यातली दुसरी बाजू. जर्मनीची बीएएसएफ कंपनी याच वेळी ठिणगीच्या मागे होती. तिच्या ओट्टो शोनहेर यानं वेगळी भट्टी केली होती. उंच नळीत हवेचा भोवरा आणि त्याच्या मधोमध सरळ उभी, लांबलचक ज्योत. बीएएसएफनं नॉर्वेच्या कंपनीत पैसे घातले, दोन्ही भट्ट्या शेजारी शेजारी चालवून पाहण्याचा करार झाला. आणि त्याच बीएएसएफनं १९०८ मध्ये कार्ल्सरूहच्या फ्रिट्झ हाबर या प्राध्यापकाशीही करार केला. हाबरची वाट पूर्ण वेगळी होती. नत्र आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली उत्प्रेरकावरून न्यायचे आणि अमोनिया बनवायचा. जुलै १९०९ मध्ये कंपनीच्या माणसांसमोर त्याच्या उपकरणातून द्रवरूप अमोनिया थेंब थेंब बाहेर आला. १९११ मध्ये बीएएसएफनं नॉर्वेतले शेअर विकून टाकले. १९१३ मध्ये ओपाऊचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला.

नॉर्वेच्या लोकांना जी भागीदारी वाटत होती, ते बीएएसएफच्या दृष्टीनं नुसतं वेळ काढणं होतं असा आरोप पुष्कळदा होतो. मला तो फारसा पटत नाही. मोठी कंपनी दोन घोड्यांवर पैसे लावते, यात कपट कसलं? घोडा मात्र एकच जिंकणार होता. ठिणगीच्या भट्टीला एक टन नायट्रिक आम्लासाठी सुमारे १५ हजार युनिट वीज लागे. म्हणजे एक किलो नत्र बांधायला ६५ युनिटांच्या आसपास. ज्योतीतली बहुतेक ऊर्जा हवा नुसती तापवण्यात जायची. हाबर आणि बीएएसएफचा कार्ल बॉश यांच्या पद्धतीला कोळसा लागे, पोलादी नळकांडी लागत, पण ऊर्जा याच्या एका अंशात भागे. धबधब्याची वीज जवळजवळ फुकट होती तोवर ६५ युनिटांचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्याच विजेवर ॲल्युमिनियम बनू लागलं, शहरांचे दिवे लागू लागले, तशी तिला किंमत आली. १९२७ मध्ये नॉर्स्क हायड्रोनं आय. जी. फार्बेनशी, म्हणजे ज्यात बीएएसएफ विलीन झाली होती त्या समूहाशी तह केला, आणि रियुकानमध्येही अमोनिया बनू लागला.

तिथे मात्र नॉर्वेनं एक वेगळं वळण घेतलं. जर्मनीत हायड्रोजन यायचा कोळशातून. कोळसा नॉर्वेत नव्हता, पाणी होतं. म्हणून वेमोर्कमध्ये पाण्याचं विद्युत विघटन करून हायड्रोजन काढला जाऊ लागला. आज ‘हरित अमोनिया’ म्हणून ज्याचे फलक लागतात ते हेच, १९२९ सालचं. या विघटनाच्या टाक्यांत शेवटी उरणाऱ्या पाण्यात जड पाणी साठत जातं, हे लक्षात आल्यावर १९३४ पासून तेही विकायला काढलं. १९४३ मध्ये नॉर्वेच्या कमांडोंनी वेमोर्कचं तळघर सुरुंगानं उडवलं ते याच जड पाण्यासाठी. ती गोष्ट सिनेमांतून सगळ्यांना माहीत आहे. तो कारखाना मुळात खताचा होता, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं.

बिर्केलांडला यातलं पुढचं काही पाहता आलं नाही. नोबेलसाठी त्याच्या नावाची शिफारस झाली, श्रेयावरून आयडेशी बिनसलं, आणि १९१७ मध्ये टोकियोतल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याचा मृत्यू झाला. खतातून मिळालेला पैसा त्यानं शेवटपर्यंत त्या ध्रुवीय प्रकाशावरच खर्च केला.

आणि युरिया? तो या सगळ्यात १९२२ मध्ये येतो. ओपाऊला कार्ल बॉश आणि विल्हेल्म मायझर यांनी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड उच्च दाबाखाली एकत्र आणून आधी कार्बामेट आणि मग त्यातलं पाणी काढून युरिया बनवायची औद्योगिक रीत बसवली. बासारोवची काचनळी पोलादाची झाली, इतकंच. या रीतीची खरी खुबी वेगळीकडे आहे. कोळशातून किंवा नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइड ढिगानं बाहेर पडतो. अमोनियाच्या कारखान्याला तो काढून टाकावाच लागतो. शेजारी युरियाचा विभाग बांधला की हा टाकाऊ वायू कच्चा माल होतो. ४६ टक्के नत्र, पांढरे दाणे, गोणीत भरा, कुठेही न्या. नायट्रेटसारखा स्फोटाचा धोकाही नाही. विजेवर हायड्रोजन काढणाऱ्या वेमोर्ककडे हा टाकाऊ कार्बन नव्हताच. म्हणून नॉर्वे नायट्रेटवर राहिला आणि बाकीचं जग, विशेषतः आशिया, युरियाकडे गेलं.

भारतात या दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. केरळात आलुव्याच्या ‘फॅक्ट’ कारखान्यानं १९४७ मध्ये चक्क लाकूड जाळून अमोनिया बनवायला सुरुवात केली होती. सिंद्रीला १९५१ पासून कोळसा आणि जिप्समवर अमोनियम सल्फेट. आणि पंजाबात नांगलला, १९६१ मध्ये, भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्याचं विघटन करून खत. म्हणजे नॉर्वेची वाट, सतलजच्या काठावर. नांगललाही वेमोर्कप्रमाणेच जड पाणी निघे. भारताचा पहिला जड पाण्याचा प्रकल्प १९६२ मध्ये तिथेच सुरू झाला. नांगलचं खत होतं कॅल्शियम अमोनियम नायट्रेट. युरिया नव्हे, कारण तेच : कार्बन आणायचा कुठून?

पुढे काय झालं तेही नॉर्वेसारखंच. धरण नवं होतं तेव्हा भाक्राची वीज घ्यायला पुरेसं गिऱ्हाईक नव्हतं. हरितक्रांती आली, कूपनलिकांवर पंप बसले, लुधियान्यात कारखाने आले, आणि विघटनाच्या टाक्यांना द्यायला वीज उरेना. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नांगलला खनिज तेलावर चालणारा अमोनिया आणि सोबत युरियाचा विभाग उभा राहिला. खताच्या जोरावर वाढलेल्या पिकांना पाणी पाजायला खताचीच वीज गेली. याला विरोधाभास म्हणावं की न्याय, हे मला ठरवता आलेलं नाही.

महाराष्ट्रात ट्रॉम्बेचा कारखाना १९६५ मध्ये आला तो तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, त्यांच्याकडून मिळणाऱ्या नाफ्था आणि वायूसाठी. नंतर बॉम्बे हायचा वायू मिळू लागला आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा मोठा कारखाना सुरू झाला. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ या नावांच्या गोण्या राज्यातल्या कुठल्या कृषी सेवा केंद्रात दिसत नाहीत? ४५ किलोची युरियाची गोणी आज शेतकऱ्याला पावणेतीनशेच्या आत पडते. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट, फरक सरकार भरतं. देशात वर्षाला तीनशे लाख टनांहून जास्त युरिया बनतो, त्यातला बहुतेक वायूवर, आणि त्या वायूचा मोठा भाग जहाजातून येतो. शेतात टाकला की मातीतले जिवाणू युरिया पुन्हा फोडतात, आणि कारखान्यात बांधलेला कार्बन डायऑक्साइड काही दिवसांत हवेत परत जातो. युरियातला कार्बन पिकाला काही देत नाही. तो नत्राचा नुसता हमाल आहे.

वायूकडे वळलेल्या काही कारखान्यांना तर कार्बनच कमी पडू लागला. वायूत नाफ्थापेक्षा हायड्रोजन जास्त आणि कार्बन कमी. म्हणून इफ्कोच्या आंवला आणि फूलपूर या उत्तर प्रदेशातल्या कारखान्यांनी २००६ पासून स्वतःच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून युरियाकडे वळवला. हवामानबदलाच्या चिंतेनं नव्हे, कच्चा माल म्हणून.

मग ड्रेक्सेलची वाट पुन्हा कुणी धरली? जपाननं, आणि तीही जवळजवळ शांतपणे. फुजी पर्वताच्या पलीकडच्या यामानाशी विद्यापीठात शिबाता, योशिदा आणि फुरुया यांनी १९९५ मध्ये एक छोटा लेख छापला. वायू झिरपू देणाऱ्या सच्छिद्र इलेक्ट्रोडवर तांबं बसवलं, एका बाजूनं कार्बन डायऑक्साइड सोडला, दुसऱ्या बाजूला नायट्रेट किंवा नायट्राइट असलेलं पाणी ठेवलं आणि वीज दिली. दोघांचं एकाच जागी क्षपण झालं आणि मधल्या तुकड्यांची गाठ पडून युरिया बनला. मग त्यांनी एकेक धातू घेऊन तोच प्रयोग केला. १९९८ च्या लेखात जस्तानं बाजी मारली होती. दिलेल्या विजेतला सुमारे ३५ टक्के हिस्सा युरिया बनवण्यात लागला. ज्या धातूवर कार्बन मोनॉक्साइड चांगला बनतो आणि अमोनियाही बनतो, त्याच धातूवर युरिया निघतो, हे त्यांचं निरीक्षण आजही पाया म्हणून धरलं जातं. तरीही वीस वर्षं या कामाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. वायू स्वस्त होता आणि हवामानाची घाई कुणालाच नव्हती.

२०२० मध्ये चीनमधल्या चांगशाच्या हुनान विद्यापीठातून शुआंगयिन वांग यांच्या गटाचा लेख आला आणि एकदम गर्दी झाली. या गटानं नायट्रेटही घेतला नाही. थेट हवेतलं नत्र आणि कार्बन डायऑक्साइड, पॅलेडियम-तांब्याच्या मिश्रधातूचे कण बसवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर, पाण्यात, खोलीच्या तापमानाला. विजेतला ८.९२ टक्के हिस्सा युरियात गेला. एक ग्रॅम उत्प्रेरकावर तासाला ३.३६ मिलिमोल युरिया. हा आकडा गोणीच्या भाषेत आणला तर असा : तासाला पाव ग्रॅमहूनही कमी. एक ग्रॅम उत्प्रेरकाला ४५ किलोची एक गोणी भरायला २५ वर्षं लागतील. थट्टा म्हणून हे सांगत नाही. नव्या वाटेचं पहिलं पाऊल एवढंच असतं. हाबरच्या उपकरणातूनही थेंबच पडत होते.

पण थेंब कशाचे, हा प्रश्न मात्र इथे फार जाचक आहे. इतक्या थोड्या प्रमाणात युरिया मोजायचा तर डायअसिटिल मोनॉक्झिमची रंगपरीक्षा वापरतात. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी रक्तातला युरिया मोजायला शिकवतात तीच. द्रावण उकळलं की गुलाबी-लाल रंग चढतो. द्रावणात नायट्राइट असेल तर हा रंग बिघडतो. आणि नायट्रेटपासून युरिया बनवताना नायट्राइट तर असणारच. शिवाय अमोनिया सगळीकडे असतो. हवेत, हातमोज्यांवर, संशोधकाच्या श्वासात, विद्युतघटातल्या पडद्यातून झिरपलेला. डेन्मार्क आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हवेतल्या नत्रापासून विजेनं अमोनिया बनवल्याचे दावे तपासायची कडक रीत घालून दिली, तेव्हा त्या क्षेत्रातले बरेच दावे तिच्या कसोटीवर संशयास्पद ठरले. जड नत्राचा समस्थानिक वापरा, आणि तोच नत्र शेवटी अमोनियात दिसला तरच विश्वास ठेवा, अशी ती रीत. नत्राच्या रेणूतला तिहेरी बंध किती चिवट आहे हे ज्याला माहीत आहे, तो खोलीच्या तापमानाला तो तुटल्याची बातमी ऐकून आधी बाटली नीट धुतली होती का, हेच विचारेल. आणि त्यानं विचारावंच.

नायट्रेटची वाट त्यामानानं भक्कम आहे. २०२१ मध्ये सिंगापूर आणि टेक्सासच्या गटांनी मिळून इंडियम हायड्रॉक्साइडवर नायट्रेट आणि कार्बन डायऑक्साइडपासून युरिया बनवला, तेव्हा विजेतला ५३.४ टक्के हिस्सा युरियात गेला होता. आता इथे पेन्सिल हातात घेऊ. नायट्रेटपासून युरियाचा एक रेणू बनवायला १६ इलेक्ट्रॉन लागतात. घटाला दोनच व्होल्ट लागतील असं धरलं, आणि हे उदारपणे धरलेलं आहे, तरी या कार्यक्षमतेला एक किलो युरियाला सुमारे २७ युनिट लागतात. एक किलो नत्राच्या मापानं ५७. बिर्केलांडच्या ज्योतीला लागत होते ६५. शंभराहून जास्त वर्षांनंतर, तीन हजार अंशांवरून खोलीच्या तापमानाला येऊन, आपण जवळजवळ नोटोडेनलाच उभे आहोत. वायूवरच्या चांगल्या कारखान्याला एका किलो युरियासाठी लागणारी ऊर्जा सातेक युनिटांच्या घरात बसते, कच्च्या मालाचा वायू त्यात धरूनही.

शिवाय तो नायट्रेट येतो कुठून? बाजारातला नायट्रेट अमोनिया जाळूनच बनवलेला असतो. म्हणजे आधी अमोनिया बनवायचा, तो जाळून नायट्रेट करायचा, आणि मग वीज ओतून पुन्हा क्षपण करत युरियावर यायचं. द्राविडी प्राणायाम तो हाच. याला अर्थ येतो तो दोन ठिकाणी. एक, जिथे नायट्रेट आधीच पाण्यात नको म्हणून पडलेला आहे : कारखान्यांचं सांडपाणी, खतांचा निचरा होऊन खराब झालेलं भूजल. तिथे पाणी स्वच्छ करायचंच आहे, सोबत युरिया मिळाला तर बरं. दुसरं, हवेतूनच विजेनं नायट्रेट बनवायचा. आणि काही गट आता खरोखरच तेच करत आहेत. प्लाझ्माच्या ज्योतीतून हवा न्यायची, निघालेले नत्राचे ऑक्साइड पाण्यात घ्यायचे आणि ते पाणी कार्बन डायऑक्साइडसोबत इलेक्ट्रोडवर सोडायचं. म्हणजे बिर्केलांडची भट्टी आणि ड्रेक्सेलचं भांडं एकाच टेबलावर आली आहेत.

वीज मात्र आज पुन्हा, दिवसातल्या काही तासांपुरती का होईना, धबधब्याच्या काळासारखी स्वस्त होऊ लागली आहे. राजस्थानात भर दुपारी सौर वीज घ्यायला कुणी नसतं असे दिवस येतात. प्रश्न तोच आहे जो रियुकानला होता आणि नांगलला होता : त्या विजेला दुसरं, जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक कधी उभं राहतं, आणि तोवर खताचा घट किती युनिटांवर उतरलेला असतो. दुपारच्या चार-पाच तासांसाठी उभारलेल्या यंत्राचं भांडवल बाकीचा वेळ रिकामं बसतं, हाही हिशोब आहेच. ब्रॅडली आणि लव्हजॉयचा कारखाना विजेइतकाच यंत्राच्या खर्चानंही बुडाला होता.

नॉर्स्क हायड्रोचा खतविभाग २००४ मध्ये वेगळा होऊन ‘यारा’ नावाची कंपनी झाली. जून २०२४ मध्ये तिनं नॉर्वेतल्या हेरोयाला पाण्याच्या विघटनाचा २४ मेगावॉटचा प्रकल्प सुरू केला, युरोपातल्या मोठ्यांपैकी एक म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वेमोर्कच्या चौथ्या हिश्शाहूनही तो लहान आहे. त्या अमोनियातून बनतं ते नायट्रेटवर्गातलं खत, आणि ते जास्त दरानं घ्यायला युरोपातल्या धान्य आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्या पुढे आल्या आहेत. याच कंपनीनं २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातला बबरालाचा कारखाना टाटा केमिकल्सकडून विकत घेतला. तिथे बनतो युरिया, आणि तो बनतो हजिराहून येणाऱ्या वायूच्या पाइपलाइनवर.